शेवटच्या प्रकरणाची शुद्ध प्रत

विमल,

लंडनच्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी वार्षिकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. सोबत एक कागद पाठवलाय. त्यावर रकाने आखलेत: जन्म, शिक्षण, नोकरी, समाजकार्य, छंद. शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःच पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'आफ्रिकेचा इतिहास'. म्हणजे मला शोधायचा त्रास नको.

अकरा वर्षं तू घानाचा इतिहास लिहीत होतीस. दगडाच्या हत्यारांपासून स्वातंत्र्यापर्यंत, मराठीत, दिवसभर दुसऱ्यांच्या ऑफिसात टायपिंग करून उरलेल्या वेळात. तो आता छंदाच्या रकान्यात, भरतकामाच्या शेजारी. मी तो कागद चार घड्या घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या हलत्या पायाखाली सारला. टेबल आता हलत नाही. तुला आवडलं असतं.

तेव्हा हे रकान्यांप्रमाणे होणार नाही आणि दोन पानांत मावणारही नाही. छापायचं तर छापतील. मी तुला लिहिते आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. चिटणिसांवर आहेच, पण त्यांच्यापेक्षा जास्त तुझ्यावर.

चिटणिसांचं आधी सांगते, ते सोपं आहे. क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये आपल्याला वीस मिनिटं दिली होती, त्यातली बारा त्यांनी घेतली. म्हणाले, "विमलताईंनी आफ्रिकेच्या जंगलात ज्ञानाचा दिवा लावला. आणि बघा, त्याच आफ्रिकेने आज आपल्या माणसांना नेसत्या वस्त्रांनिशी हाकलून दिलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. युगांडातून आलेल्या कुटुंबांसाठी मंडळाने ब्लँकेटं गोळा केली, मीही दोन दिली, त्यात चूक काहीच नाही. पण युगांडा कुठे आणि घाना कुठे! तू असतीस तर जागच्या जागी नकाशा मागितला असतास. गेल्या संक्रांतीला, हातात तिळगूळ घेऊन, त्यांना म्हणाली होतीस ना, "चिटणीस, आफ्रिका हा देश नाही हो. तुमचा मुंबईत खिसा कापला तर तुम्ही जपानच्या वकिलातीत तक्रार करता का?" ते हसले होते. त्यांना वाटलं तू विनोद केलास.

आणि जंगल! केप कोस्ट हे समुद्रकाठचं गाव. तू ज्या शाळेत शिकवत होतीस तिथल्या मुली लॅटिन घोकत होत्या. मला हे माहीत होतं. मी उठून सांगायला हवं होतं. मी माझ्या बुटांकडे बघत बसले.

शेवटच्या रांगेत, करड्या कोटात, एफुआ बसली होती. तुझी त्या शाळेतली विद्यार्थिनी, आता इथल्या एका हॉस्पिटलात सिस्टर. तिला मराठीचं एक अक्षर कळत नाही. पण भाषणात 'आफ्रिका' हा शब्द तीनदा आला, आणि तिन्ही वेळा तिने मान वर करून बघितलं. तीनदा मी नजर चुकवली. का ते तुला माहीत आहे.

आपलं काम कसं चालायचं हे चिटणिसांना कधी कळलं नाही. दर रविवारी दुपारी दोन वाजता तू एजवेअरहून ट्यूबच्या गाड्या बदलून ईलिंगला माझ्याकडे यायचीस. कोट काढायच्या आत पिशवीतून कागद काढायचीस. तुझं अक्षर तुझं तुलाच लागत नसे, म्हणून तू उभ्याने वाचायचीस आणि मी बसून शुद्ध प्रत करायची. कागद उडू नयेत म्हणून तू घानाहून आणलेलं पितळेचं बोटभर वजन, माशाच्या आकाराचं, पानांवर ठेवायचीस. तिथले असांटे लोक त्याने सोन्याची पूड तोलत. आपला नियम एकच होता. जे वाक्य ऐकून माझं पेन थांबेल, त्या वाक्यावर वाद घालायचा, आणि वाद मिटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पहिल्याच रविवारी, पहिल्याच पानावर थांबलं.

"सिगारसारखे लांबट, अंगावर खाचा पाडलेले दगडाचे तुकडे या वस्त्यांत सापडतात," तू वाचलंस. "ते कशासाठी होते हे कुणाला नक्की माहीत नाही."

मी वर बघितलं.

"काय झालं?"

"इतिहासाच्या पुस्तकात 'माहीत नाही' असं लिहायचं?"

"मग काय लिहायचं? तुला माहीत आहे?"

"किसणी असेल. सुरण किसायची."

"असेल. म्हणजे तुला माहीत नाही. लिही, दिने, माहीत नाही. ज्यांना हे लिहायची लाज वाटली त्यांनीच तर सगळा घोळ घालून ठेवलाय. त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी लिहिलं की तिथे काहीच नव्हतं."

मी लिहिलं. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण जाताना तू माझा वार विचारलास. तिथे मूल ज्या वारी जन्मेल त्या वाराचं नाव त्याला मिळतं, हे तू सांगितलंस. तू मंगळवारची, म्हणून शाळेतल्या मुलींनी तुला अराबा केलं होतं. मी म्हटलं, शनिवार. तू टाळीच वाजवलीस. "शनिवारचीच असणार! तुम्ही शनवार तेली!" कोकणात आम्हा बेने इस्रायल ज्यूंना तसंच म्हणत. आमचे पूर्वज तेल गाळत आणि शनिवारी काम बंद ठेवत. लंडनमध्ये तो शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला, आणि ऐकून मला बरं वाटलं. "तर तू अमा," म्हणालीस. त्यानंतर लाडात आलीस की अमा, रागात आलीस की दिने.

पहिलं प्रकरण पुरं झालं तेव्हा मी मलिदा केला. आमच्यात नवस फेडला की करतात: भिजवलेले पोहे, साखर, खोवलेलं खोबरं, वेलदोडा, वर फळं. नारळासाठी साउथॉलला जाऊन आले. तू बशी पुसून खाल्लीस आणि जाहीर केलंस की आता प्रत्येक प्रकरणाला एक मलिदा, नाही तर इतिहास बंद. बारा प्रकरणं, बारा मलिदे.

एका गोष्टीवर मात्र तू प्रत्येक वेळी अडायचीस. "खाली नाव घाल," म्हणायचीस. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक आपलं नाव लिहून ठेवतो, तसं.

"माझं काय त्यात? मी नुसती उतरवते."

"घाबरतेस."

"कुणाला?"

"नाव लिहिलं की मजकूर खरा असल्याची जबाबदारी घ्यावी लागते. तुम्ही लायब्ररीवाल्या! दुसऱ्यांच्या नावांची कार्डं लिहिता, आणि आपलं कुठेच नाही."

मी हसून बशा उचलायची. बाराही प्रकरणांखाली जागा कोरी आहे.

मंडळाने एकदा पुस्तक वार्षिकात क्रमशः छापायची तयारी दाखवली. अट एवढीच, की पोर्तुगीजांची जहाजं येतात तिथून सुरू करायचं. आधीचं वाचायला लोकांना कंटाळा येईल. तू फोनवर त्यांना विचारलंस, "म्हणजे गोरा माणूस बोटीतून उतरेपर्यंत ही सगळी माणसं काय झोपली होती?" ते प्रकरण तिथेच मिटलं. पण त्या रविवारी मी म्हणाले होते की वाचकांचाही विचार करायला हवा, आणि तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलीस. आज तो फोन मला पटतो. तेव्हा मी चिटणिसांच्या बाजूची होते.

सगळ्याच वादांत तुझं बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या घाना राज्यावर तू अख्खं प्रकरण लिहिलंस. ते राज्य कितीतरी उत्तरेला, वाळवंटाच्या कडेला. आजच्या घानाची एक वीत जमीनही त्यात नाही. मी म्हटलं, काढून टाक. तू म्हणालीस, स्वतंत्र होताना माणसं कुणाचं नाव उचलतात हाही इतिहासच आहे. तीन रविवार भांडलो. मग तू ते प्रकरण अर्धं केलंस आणि मी अर्धं मान्य केलं. मला अजून वाटतं ते तिथे नको होतं. आता हे कुणाला सांगू?

तुझा आवाज मला सगळ्यात स्पष्ट आठवतो तो एका म्युझियममधला. असांटे राजाच्या कुमासीतल्या राजवाड्यातून इंग्रज सैन्याने उचलून आणलेले सोन्याचे दागिने काचेखाली मांडले होते, आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं की ते त्या मोहिमेत मिळाले. तू रखवालदाराला विचारलंस, "मिळाले म्हणजे कसे? पोस्टाने?"

तो म्हातारा दचकला. "मॅडम, मला माहीत नाही. मी फक्त कुणाला काचेला हात लावू देत नाही."

"तुमच्यासारखा एक माणूस त्या राजवाड्याच्या दारात उभा असता तर बरं झालं असतं," तू म्हणालीस. तो खरंच हसला. मी चार पावलं मागे उभी होते, मी तुझ्याबरोबर नाहीच अशी.

तर आता खोलीचं.

मी या देशात आले तेव्हा खोली शोधत दोन महिने हिंडले. खिडक्यांत कार्डं लावलेली असत, काळ्यांनी विचारू नये. एका बाईने फोनवर हो म्हटलं, आणि दार उघडून मला बघितल्यावर म्हणाली की खोली आत्ताच गेली. तिच्या मागे जिन्यावर ती रिकामी खोली मला दिसत होती. हे मी तुला सांगितलं होतं. तू ऐकून रडली होतीस, मी नाही.

पुढे भावाने आणि मी मिळून हे घर घेतलं. भाऊ बायकामुलांना घेऊन इस्रायलला गेला आणि वरची खोली रिकामी झाली. मोठी, दक्षिणेकडे खिडकी असलेली. त्याच वर्षी तू एका रविवारी वाचून झाल्यावर म्हणालीस, "एफुआ येतेय, नर्सिंग शिकायला. माझी हुशार पोरगी. तिला तुझी वरची खोली दे. रीतसर भाडं देईल."

मी म्हटलं, "खोली दिली गं."

"कुणाला?"

"लायब्ररीतल्या एकीची भाची आहे. ब्रॅकनेलची."

इतकं पटकन आलं ते तोंडातून. भाची, ब्रॅकनेल. मला स्वतःलाच नवल वाटलं. कारण सांगते, तू कधी विचारलं नाहीस तरी. आमची शेजारीण, जिने मला गुड मॉर्निंग म्हणायला सहा वर्षं घेतली, ती त्याच आठवड्यात कुंपणापाशी म्हणाली होती, "तुम्ही लोक शांत असता. तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त तुमच्यामागून ते दुसरे या गल्लीत यायला नकोत." आणि मी, विमल, मी हसले. मान हलवली. ती सहा वर्षांची कमाई मला घालवायची नव्हती. आत टेबलावर माझ्या सुवाच्य अक्षरात असांटे राज्याचं प्रकरण पडलं होतं, त्यांचे रस्ते, त्यांचे दूत, त्यांचा दरबार. मी ते सगळं एकही चूक न करता उतरवलं होतं.

दोन आठवड्यांनी तू मधल्याच वारी, विसरलेली छत्री न्यायला आलीस. हात धुवायला वर गेलीस. खोलीचं दार उघडं होतं. आत गुंडाळलेली गादी आणि एक खुर्ची. तू खाली आलीस, छत्री घेतलीस आणि दारात म्हणालीस, "ब्रॅकनेलची भाची फारच थोडं सामान वापरते."

बस. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. चार रविवार तू आली नाहीस. पाचव्या रविवारी दोन वाजता बेल वाजली. तू कोट न काढताच कागद काढलेस आणि वाचायला लागलीस. किनाऱ्यावरच्या फांती लोकांनी एकत्र येऊन स्वतःची राज्यघटना लिहिली, आणि इंग्रजांनी ती लिहिणाऱ्यांनाच अटक केली, ते प्रकरण. माझं पेन एकदाही थांबलं नाही. थांबायची हिंमतच नव्हती. मी मलिदा केला, तू खाल्लास. मी वाट बघत राहिले. आज बोलशील, पुढच्या रविवारी बोलशील. सात वर्षं.

माझा राग आहे तो हा. तू चिटणिसांशी भांडलीस, रखवालदाराशी भांडलीस, इंग्रज गव्हर्नरांशी तर त्यांच्या मरणानंतर भांडलीस. माझ्याशी नाही. मी भांडायच्याही लायकीची नव्हते? तू एकदा मला खोटारडी म्हटलं असतंस, दोन थोबाडीत मारल्या असत्यास, तर मी माफी मागितली असती. मला एकटीला बोलायला सुरुवात करता येत नाही हे तुला माहीत होतं. माहीत असून तू गप्प बसलीस.

नंतर बातम्या यायला लागल्या. ज्या सरकारच्या हाती आलेलं स्वातंत्र्य तू केप कोस्टच्या मैदानात उभं राहून बघितलं होतंस ते लष्कराने उलथलं. तू म्हणालीस, थांबू या, शेवटचं प्रकरण जरा निवळल्यावर लिहू. मग तीन वर्षांनी आणखी एक बातमी. परवाना नसलेल्या परदेशी माणसांनी दोन आठवड्यांत घाना सोडावं. पिढ्यान् पिढ्या तिथे राबलेली शेजारच्या देशांची माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन निघाली. तू ते कात्रण टेबलावर ठेवून वर तो पितळेचा मासा ठेवलास.

"मी हे कसं लिहू? झेंडा वर गेला, मुली नाचल्या, असं? हे माहीत असताना?"

"तुझं पुस्तक स्वातंत्र्यापाशी संपतं. पुढचं तुझ्या पुस्तकात नाही."

"पण माझ्या डोक्यात आहे ना! ज्यांना कुणी दारात उभं केलं नाही, त्यांनी दुसऱ्यांना दाराबाहेर काढलं. काय लिहू मी यावर?"

  दोघींनाही कळलं होतं की ही गोष्ट एकट्या घानाची नाही. ती वेळ होती, विमल. तेव्हा बोलायला हवं होतंस. त्याऐवजी मी म्हणाले, "तुला शेवट करायचाच नाही. अकरा काय नि एकवीस काय." तू कागद पिशवीत भरलेस. त्यानंतर रविवारी आपण नुसता चहा प्यायचो.

या उन्हाळ्यात म्हणालीस, पाठ धरलीय, काही दिवस येत नाही. फोनवरही तेच सांगायचीस, पाठ. मी तुझ्यासाठी शेकायची पिशवी विकत आणून ठेवली. ती अजून कागदात गुंडाळलेलीच आहे. एफुआचा फोन आला तेव्हा मला कळलं की हे पाठीचं दुखणं नव्हतंच. शेवटचे दोन महिने तू एजवेअरला नव्हतीस, एफुआच्या फ्लॅटवर होतीस. तिची एकच बेडरूम. ती तिने तुला दिली आणि स्वतः बाहेर सोफ्यावर झोपली. मला कुणी बोलावलं नाही.

आणि तिथे, माझ्या पाठीमागे, तू शेवटचं प्रकरण लिहून घेतलंस. इंग्रजीत, एफुआकडून. पेन धरवत नव्हतं म्हणून. दुसऱ्या बाईच्या हातून आपलं पुस्तक पुरं झालं हे ऐकल्यावर मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एफुआ परवाच्या रविवारी आली. मी तिला दोन वाजता बोलावलं होतं, का ते तिला माहीत नव्हतं. कोट अडकवताना तिने जिन्याकडे बघितलं आणि सहज विचारलं, "वरच्या खोलीची ओल गेली का, आंटी?"

"कसली ओल?"

"मी आले त्या वर्षी मिस म्हणाल्या होत्या. तुमची मला खोली द्यायची फार इच्छा होती. पण भिंतींना ओल आली होती, आणि माझी छाती नाजूक, म्हणून तुम्हीच नको म्हणालात. मी तुम्हाला आभाराचं पत्र लिहिणार होते. मिस म्हणाल्या, राहू दे, ती लाजते."

मी किटली ठेवायला वळले. ओल! ज्या बाईने दगडाच्या एका तुकड्याला किसणी म्हणू दिलं नाही, तिने माझ्यासाठी अख्खी भिंत ओली केली. मला वाचवलंस असं वाटलं तुला? तू मला सात वर्षं त्या खोटेपणात ठेवलंस, आणि त्या पोरीला माझे आभार मानायला लावलंस.

 मी टेबलाशी बसले. एफुआ उभ्याने वाचायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती तुझ्यासारखीच उभी राहिली. ती इंग्रजीत वाचत होती, मी मराठीत उतरवत होते. कोकोच्या बागा, भाव पाडणाऱ्या कंपन्यांना कोको न विकणारे शेतकरी, ब्रह्मदेशात लढून परत आलेले आणि आपल्याच गावात गोळी खाल्लेले सैनिक. मग स्वातंत्र्य. मी झेंड्याची वाट बघत होते. झेंडा नव्हताच.

सुट्टी संपून शाळा भरते, तू वर्गात येतेस आणि हजेरीपट उघडतेस. त्यात सगळी इंग्रजी नावं, मेरी, ग्रेस, शार्लट. शाळेत घालताना दिलेली.

"शार्लट," तू पुकारलंस. कुणी उठलं नाही. तू पुन्हा पुकारलंस. मग खिडकीजवळची बारा वर्षांची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "शार्लट आली नाही, मिस. एफुआ आली आहे."

मग मेरीही आली नव्हती. ग्रेसही नव्हती. सबंध वर्गात हजेरीपटातली एकही मुलगी आलेली नव्हती, आणि सगळी बाकं भरलेली होती. तू हजेरीपट मिटलास, नवीन पान आखलंस, आणि प्रत्येकीला तिचं नाव विचारून लिहिलंस.

वाचताना एफुआचा आवाज जरा खाली आला. शेवटचं वाक्य तिने सावकाश वाचलं. "पुढे काय होणार, हे त्या सकाळी कुणाला माहीत नव्हतं."

तर हे होतं तुझं उत्तर. मी लिहिलं, आणि पहिल्या पानावरचा तो खाचा पाडलेला दगड मला आठवला. मी तुला मनातल्या मनात शाबासकी दिली. तेवढ्यात एफुआ म्हणाली, "खाली आणखी एक ओळ आहे. मिसनी मुद्दाम घालायला लावली. इथे दिना आपलं नाव लिहील."

माझं पेन थांबलं.

"काय झालं, आंटी?"

नियम नियम असतो. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "वरच्या खोलीला ओल नव्हती. कधीच नव्हती. खोली रिकामी होती. मी तुला दिली नाही. शेजारीण काय म्हणेल म्हणून."

 हातातली पानं एफुआने टेबलावर सरळ केली, त्यावर मासा ठेवला. मग विचारलं, "मी बघू?"

ती एकटीच वर गेली. मी खाली बसून तिची पावलं ऐकत होते. खिडकीपर्यंत, मग भिंतीच्या कडेने. खिडकी वर सरकल्याचा आवाज आला, बऱ्याच वेळाने खाली ओढल्याचा. ती खाली आली ती शांतपणे.

"उजेड चांगला येतो," ती म्हणाली. "मला त्या वर्षी तळघरात खोली मिळाली होती. तिथे खरंच ओल होती." मग तिने पानं उचलली. "चला, आंटी. शेवटची ओळ राहिली आहे."

मी त्या वेळी सही केली नाही. मला करता आली नाही. तेरावा मलिदा मी सकाळीच करून ठेवला होता. तिने तिथे खाल्ला नाही, बशी झाकून घरी नेली. तिने खाल्ला की टाकला, माहीत नाही. तिने माफ केलं की नाही, तेही माहीत नाही. बघ, मी लिहायला शिकले.

विमल, तुझी शेवटची ओळ ही माफी नव्हे, हे मला कळतं. ते फर्मान आहे. जन्मभर मी टाळलेलं काम तू जाताना माझ्यावर टाकून गेलीस, आणि भांडायला समोर राहिली नाहीस. म्हणून मी रागावलेली आहे, आणि हा राग मला लवकर जायला नको आहे. एफुआ पुढच्या रविवारी येते म्हणाली. बारा प्रकरणं तिने कधी ऐकलेलीच नाहीत. मी मराठीतून इंग्रजीत सांगणार, दगडांपासून. तिचं कुठे अडेल तिथे थांबायचं.

हे कागद आता चिटणिसांकडे जातील. आपली माणसं वाचतील, कुणी शेजारणीलाही सांगेल. त्याआधी तुझ्या इतिहासात तू माझ्यासाठी घातलेली एक चुकीची नोंद मी खोडते आहे, आणि खाली कोऱ्या जागेत लिहिते आहे.

खोली कोरडी होती.

दिना